सिंहस्थाआधी गोदाकाठाची नोंद होऊ द्या

प्रति,
सिंहस्थ कुंभमेळा 2027 चं नियोजन करणारे सर्व अधिकारी,
नाशिक महानगरपालिका, जलसंपदा विभाग आणि वन विभाग (वन्यजीव), नाशिक यांस

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. गंगापूर धरणापासून नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत गोदावरीच्या दोन्ही काठांची नियमित नोंद व्हायला हवी. तिथले पक्षी, मासे, इतर जीव आणि माणसांनी त्या काठाचं काय केलं आहे, हे सगळं त्यात आलं पाहिजे. हे काम नाशिकच्या आणि निफाडच्या स्वयंसेवकांना अधिकृतपणे करू द्या, आणि ते 2 ऑगस्ट 2027 च्या पहिल्या अमृतस्नानाच्या पुरेसं आधी सुरू होऊ द्या. पैसे नकोत. परवानगीचं पत्र हवं, नदीपात्रातल्या कामांचं वेळापत्रक हवं, आणि आमच्या नोंदी वाचून लेखी उत्तर देणारा एक जबाबदार अधिकारी हवा.

सिंहस्थाच्या तारखा आता शहराला पाठ झाल्या आहेत. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान, 31 ऑगस्टला दुसरं, 11 सप्टेंबरला नाशिकचं तिसरं आणि 12 ला त्र्यंबकेश्वरचं. त्यासाठी घाट, पूल, रस्ते, मलजल शुद्धीकरण केंद्रं अशी कामं निघाली आहेत आणि ती निघायलाच हवीत. आम्ही मेळ्याच्या विरोधात नाही. आमच्या घरातल्या माणसांच्या अस्थी याच रामकुंडात गेल्या आहेत. पर्वणीला बाहेरगावचे पाहुणे घरी उतरतात तेव्हा त्यांना पहाटे घाटावर नेणारे आम्हीच असतो. नदीची काळजी आणि मेळ्याचा अभिमान एकाच घरात नांदतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

पण मेळा संपला की दर वेळी तोच वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, नदीची वाट लागली. दुसरी म्हणते, ती आधीपासूनच तशी होती. दोघांच्याही हातात कागद नसतो. पाण्याचे नमुने तरी घेतले जातात. बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) किती, कॉलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) किती, हे प्रयोगशाळेतून कळतं. आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत हवा, हेही आता बऱ्याच लोकांना माहीत झालं आहे. काठाचं मात्र तसं नाही. आनंदवल्लीच्या वळणावर गेल्या वर्षी किती रुंद गवताळ पट्टा होता? टाकळीच्या खाली भराव कधी पडायला लागला? दसकच्या पुढे गोट्यांच्या बेटावर कोणती पाखरं अंडी घालत होती आणि कधी थांबली? याची उत्तरं कोणाच्या मोबाइलमध्ये, कोणाच्या वहीत आणि बरीचशी म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात विखुरलेली आहेत. वादाच्या वेळी ती कामाला येत नाहीत.

अशी नोंद मुळापासून केल्याची दोन उदाहरणं मला समुद्रकिनाऱ्यांवरची ठाऊक आहेत, म्हणून थोडं तिकडचं सांगतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाचा ‘कोस्ट’ नावाचा उपक्रम आहे. गेली पंचवीसएक वर्षं तो चालू आहे. त्यात सामान्य माणसं, म्हणजे निवृत्त शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, दर महिन्याला आपापल्या ठरलेल्या किनाऱ्यावर चालतात आणि वाहून आलेले मेलेले समुद्रपक्षी मोजतात. चोच मोजायची, पंख मोजायचा, पाय मोजायचा, फोटो घ्यायचा आणि पक्ष्याला रंगीत पट्टी अडकवायची, म्हणजे पुढच्या फेरीत तोच पक्षी दुसऱ्यांदा मोजला जात नाही. काम नीरस आहे आणि वासाचंही आहे. वर्षानुवर्षं त्यातून फार काही निघालं असं बाहेरच्या माणसाला वाटलंही नसतं. मग 2015 च्या उन्हाळ्यापासून पुढच्या वसंतापर्यंत कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर कॉमन मर्र या एकाच जातीचे सुमारे 62,000 मेलेले किंवा मरणाला टेकलेले पक्षी आले. त्या काळात तिथल्या समुद्राचं पाणी असाधारण तापलं होतं, पक्ष्यांचं खाद्य घटलं होतं आणि ते उपाशी मेले होते. एकूण मृत्यू दहा लाखांपर्यंत असावेत, असा अंदाज 2020 साली शोधनिबंधात छापून आला. हे इतक्या ठामपणे मांडता आलं, कारण नेहमीच्या वर्षी त्याच किनाऱ्यांवर किती पक्षी मरून येतात, याचे आकडे आधीपासून लिहिलेले होते. नेहमीचं किती हे ठाऊक नसतं, तर 62,000 हाही एक ढीगच राहिला असता.

आपल्याकडे वेळास आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडली कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पहाटे उजाडायच्या आत पुळणीवर चालायचं, मादीने वाळूत उमटवलेला माग शोधायचा, अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवायची, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडली की तीही मोजायची. आज किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत कासवमित्र आहेत. त्यांच्या या सवयीतून काय निघतं पाहा. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातली मादी अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरही अंडी घालते, ही मोठी गोष्ट एका बिल्ल्यावरच्या आकड्यावरून कळली. तो आकडा वाचायला आणि लिहून घ्यायला त्या वेळी किनाऱ्यावर माणूस हजर होता.

नाशिकला समुद्र नाही, पण ज्या नदीचं उगमाकडचं टोक आपल्या जिल्ह्यात आहे तिचे 1465 किलोमीटर याच उपसागराला जाऊन मिळतात. आणि एकाच जागेवर, एकाच खुणेपाशी, पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवायची रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. पूर आला की सगळं शहर एकच प्रश्न विचारतं, पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्येही आधी मारुती विचारला गेला, क्युसेकचे आकडे नंतर आले. पाणी उतरल्यावर उरलेले दहा महिने मात्र काठाकडे त्या नजरेने कोणी पाहत नाही. आमचं म्हणणं त्या दहा महिन्यांबद्दल आहे.

त्यातही मला सगळ्यात जास्त काळजी उन्हाळ्याची वाटते. पर्वस्नानं पावसाळ्यात आहेत, तेव्हा नदी भरून वाहत असेल. पण पात्रातली कामं कोरड्या दिवसांतच करावी लागतात, आणि फेब्रुवारी ते मे याच महिन्यांत नदीच्या पात्रात उघड्यावर अंडी घालणारे पक्षी बसलेले असतात. टिटवी, कंठेरी चिखल्या, छोटा आर्ली, आणि जिथे चारही बाजूंनी पाणी असलेलं वाळूचं किंवा खडकाचं बेट असेल तिथे नदी सुरय. नदी सुरय हा पिवळ्या चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा देखणा पक्षी धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत 2020 पासून असुरक्षित गटात आहे. त्याला घेरणारी कारणं सगळीकडे सारखीच आहेत: वाळूउपसा, मोकाट कुत्री, अवेळी सोडलेलं पाणी, आणि बेटापर्यंत पोचणारी माणसं.

या पक्ष्यांचं घरटं म्हणजे गोट्यांमधली तळहाताएवढी खळगी. ना काडी, ना गवत. टिटवीची चार अंडी निमुळती टोकं आत करून मांडलेली असतात. मातकट रंग, त्यावर काळे डाग. दोन हातांवर उभं राहूनसुद्धा ती नजरेला सापडत नाहीत. आपण फार जवळ आलो की टिटवी ओरडत डोक्यावरून फिरते, आर्ली पंख मोडल्याचं सोंग करून जमिनीवर फरफटत आपल्याला दुसरीकडे नेते. दुपारी कातळ तापला की टिटवी पाण्यात उतरते, पोटाची पिसं भिजवते, तुरुतुरु परत येते आणि अंड्यांवर उभी राहते. त्या ओल्या पिसांवर अंडी वाचतात. तिला तासभर परत येऊ दिलं नाही, तर एप्रिलच्या उन्हात अंडी आतल्या आत मरू शकतात. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, पात्रात घातली की कमी, असं आपल्याकडचे शेतकरी अजूनही म्हणतात. तिची अंडी कुठे आहेत हे पाहून ठेवणारे लोक आपल्यात होते आणि आहेत.

शहराच्या खालच्या अंगाला अशाच एका गोट्यांच्या पट्ट्यात छोट्या आर्लींची वसाहत होती. एका सकाळी तिथे जेसीबी फिरत होता. काम कोणाचं होतं, यात जाण्याचं कारण नाही. चालकाला हात करून थांबवलं आणि चाकांच्या चरापासून वीतभरावर पडलेली दोन अंडी दाखवली. तो खाली उतरला, वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “आधी कोणी सांगितलं असतं, तर मी गाडी त्या बाजूनं फिरवली असती. मला काय, कुठूनही जाता येतं.” तोवर निम्म्या पट्ट्यावरून चाकं गेली होती. तो माणूस खरं बोलत होता. त्याला कोणी सांगितलं नाही, कारण तिथे पक्षी बसतात हे कुठल्याच आराखड्यात, कुठल्याच नकाशावर लिहिलेलं नव्हतं.

म्हणून कामांचं वेळापत्रक मागतो आहोत. ज्या पट्ट्यात यंत्र उतरणार, तिथे आदल्या आठवड्यात एक सकाळ दोन जाणकार माणसांना चालू द्या. घरटी सापडली तर दगडांची खूण करून देऊ. यंत्राला थोडं बाजूने जायला सांगायचं, किंवा तो तुकडा महिनाभर मागे ठेवून दुसरीकडचं काम आधी करायचं. अंडी उबायला जातीप्रमाणे साधारण तीन ते चार आठवडे लागतात. टिटवीची पिल्लं तर अंड्यातून बाहेर पडल्या दिवशीच आईमागे चालू लागतात. एवढ्याने सिंहस्थाचं एकही काम अडणार नाही.

आता पक्षी मोजण्याबद्दल एक इशारा, कारण अर्धवट नोंद घातक ठरते. पक्षी भरपूर दिसले म्हणजे नदी उत्तम, असा निष्कर्ष काढायचा मोह सगळ्यांना होतो, प्रशासनालाही आणि आम्हालाही. शेकाट्या घ्या. लांब गुलाबी पायांचा हा पक्षी नाल्याच्या तोंडाशी, सांडपाण्याच्या फेसात थव्याने उभा असतो. घाण पाण्यातल्या किड्यांवर त्याची चंगळ होते. तपोवनाच्या खालच्या बाजूला शेकाट्ये वाढले आणि त्याच पट्ट्यात खंड्या, कंठेरी चिखल्या, आर्ली कमी झाले, तर ती चांगली बातमी नाही. एकूण आकडा दोन्ही वेळा तेवढाच भरेल. त्यामुळे जातवार नोंद हवी, ठरावीक तुकड्यात हवी, आणि जी जात दिसली नाही तिच्यापुढे शून्य लिहिलेलं हवं. शून्य लिहायला लोक कंटाळतात. काहीच दिसलं नाही तर लिहायचं काय, असं विचारतात. पण दहा वर्षांनी सगळ्यात मोलाचे तेच शून्य असणार आहेत.

खाली नांदूर मध्यमेश्वर आहे, तिथे शहराचं सगळं जाऊन साचतं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा ब्रिटिशकालीन बंधारा, त्यामागे गाळ साचून तयार झालेली उथळ दलदल, 1986 साली जाहीर झालेलं अभयारण्य, आणि जानेवारी 2020 मध्ये मिळालेला महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, मान. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहिलं की थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, चमचे, मुग्धबलाक, क्रौंच यांनी पाणी आणि कडेची शेतं भरलेली दिसतात. वरून दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो आणि तो खाली झेपावला की हजारो वारकरी पक्षी एकदम पाणी कापत पळतात. त्याच पाण्यावर पाणवेलींचा हिरवा थरही असतो. सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर ती वाढते, पुरात सुटून सायखेड्याच्या पुलाला अडकते आणि शेवटी बंधाऱ्यामागे येऊन थांबते. नाशिक शहरातल्या काठाची नोंद आणि नांदूरच्या पक्ष्यांची नोंद वेगवेगळ्या फायलींत ठेवली, तर या दोन गोष्टींचा संबंध कधीच जोडला जाणार नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत निदान पाया आहे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. ती स्वयंसेवकांच्याच बळावर चालते आणि रामसर दर्जा देताना असेच आकडे विचारात घेतले जातात. एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी एखाद्या पाणथळीवर नियमित येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते. म्हणजे हौशी माणसाने दुर्बिणीतून मोजलेल्या आकड्याला आंतरराष्ट्रीय करारात किंमत आहे. पण ती गणना वर्षातून एकदाच, जानेवारीत होते. आर्लीची अंडी एप्रिलमध्ये असतात, कमळपक्ष्याची पावसाळ्यात. आणि गणनेच्या तक्त्यात काठावर पडलेला राडारोडा मोजला जात नाही.

माशांचं तर विचारूच नका. देवळालीजवळच्या दारणेतून 1938 साली शास्त्राला ओळख झालेला एक इवलासा मासा आहे. इंग्रजीत त्याला ‘देवलाली मिनो’ असं गावाचंच नाव आहे. तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि नांदूर मध्यमेश्वरच्या रामसर माहितीतही त्याचं नाव आहे. दारणा गोदावरीला मिळते त्या भागात जाळी टाकणाऱ्या भोयांना कोणत्या हंगामात कोणता मासा मिळतो आणि कोणता मिळेनासा झाला, हे आपल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतं. त्यांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्यायला हवं आणि त्यांच्या नावाने नोंद व्हायला हवी. खाणगाव थडी, चापडगाव, मांजरगाव इथली तरुण मुलं पर्यटकांना पक्षी दाखवतात. दुर्बीण न लावता, नुसत्या उडण्याच्या ढबीवरून ती जात सांगतात. शहरातून माणसं नेण्याआधी त्यांना विचारा.

पद्धत अवघड नाही. काठाचे साधारण एकेक किलोमीटरचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा दोघा-तिघांनी वाटून घ्यायचा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात किनाऱ्याचे असेच एकेक मैल लोकांनी दत्तक घेतले आहेत. आपल्याकडे महिन्यातून एक फेरी ठरवावी, तीही त्याच वेळी, त्याच दिशेने, तेवढाच वेळ. पक्षी जातवार. घरटी असतील तर त्यांची अवस्था. मेलेला पक्षी, मासा, कासव, साप दिसला तर फोटो आणि जागा, हात न लावता. एकाच वेळी बरेच पक्षी मेलेले दिसले तर त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्याला फोन. मग माणसांचं: निळ्या पूररेषेच्या (नदीकाठी बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याच्या हद्दीच्या) आत नवा भराव पडला का, किती लांबीचा, नाल्याला पाणी कसल्या रंगाचं, पाण्यावर फेस आहे का, निर्माल्य, थर्माकोल, काचा, कपडे, गाड्या धुतल्या जातात का, कुत्र्यांची संख्या, रात्रीचे दिवे किती आत आले. संक्रांतीनंतरच्या फेरीत झाडांना आणि पुलांना लटकलेला नायलॉन मांजा. बंदी असूनही येवल्यापासून पंचवटीपर्यंत त्याने बगळे, घारी, वटवाघळं कापली जातात आणि काठावरच्या बाभळीत तो पुढचा पूर येईपर्यंत तसाच लोंबत राहतो. शिवाय प्रत्येक तुकड्यात दोन-तीन जागा पक्क्या करून तिथून दर वेळी तोच फोटो. फोटो वाद घालत नाही, आणि घाटाचं काँक्रीट कितपत पुढे सरकलं ते शेजारच्या झाडावरून कोणालाही मोजता येतं.

चुका होतील, हे गृहीत धरूनच तक्ता केला पाहिजे. ओळख पक्की नसेल तर तसं लिहायचं, अंदाजाने नाव ठोकायचं नाही. दोघांनी पाहिल्याशिवाय दुर्मीळ जातीची नोंद पक्की धरायची नाही. महिनाअखेरीस महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी तक्ते तपासायचे. अशी माणसं नाशिकमध्ये आहेत आणि ती आनंदाने येतील.

आणखी एक अट आम्ही स्वतःवरच घालून घेतो. घरट्यांची जागा समाजमाध्यमांवर जाणार नाही. फोटोसाठी पक्षी उठवणं, पिल्लांजवळ गवत कापणं, आवाज वाजवून पक्षी बोलावणं, अभयारण्यावर ड्रोन उडवणं हे सगळं आमच्याच छंदातल्या लोकांकडून होतं. माणसांच्या त्रासाची नोंद करायची म्हटल्यावर कॅमेरेवाल्यांची गर्दीही त्याच तक्त्यात येणार, तितक्याच स्पष्टपणे.

या नोंदी उद्या आपल्याच विरोधात वापरल्या जातील, अशी शंका काही अधिकाऱ्यांच्या मनात येईल. ती समजण्यासारखी आहे. पण तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडी इथली शुद्धीकरण केंद्रं नीट चालली, तर त्यांच्याखालच्या पट्ट्यात वर्षभरात फरक दिसेल आणि तो आमच्याच वहीत आधी उमटेल. फेस कमी झाला, शेकाट्ये पांगले, खंड्या परतला, असं त्या वेळी शहराला छातीठोकपणे सांगणारी माणसं आम्हीच असू. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात जो क्षोभ उसळला, त्यात दोन्हीकडे आकड्यांची ओढाताण झाली. कोणती झाडं, किती जुनी, त्यांच्यावर कोणाची घरटी, याची सर्वांना मान्य असलेली यादी आधीच असती, तर चर्चा तिथून सुरू झाली असती.

हाती वेळ थोडा आहे. पहिल्या पर्वस्नानाआधी निदान एक पूर्ण हिवाळा आणि एक पूर्ण उन्हाळा नोंदीत यायला हवा. हिवाळा पाहुण्या पक्ष्यांसाठी, उन्हाळा पात्रातल्या घरट्यांसाठी. त्यानंतर पावसाळ्यातली तिन्ही स्नानं, आणि ऑक्टोबरमध्ये पाणी निवळल्यावर पुन्हा तेच तुकडे, त्याच खुणा. हा उन्हाळा हुकला, तर ध्वजावतरणानंतर कितीही पैसे खर्च करून तो परत मिळणार नाही.

म्हणून एवढंच करा. महानगरपालिका, जलसंपदा आणि वन्यजीव शाखा यांची एक एकत्र बैठक लावा आणि आम्हाला तासभर वेळ द्या. नदीपात्रात कोणत्या महिन्यात कुठे यंत्र उतरणार, त्याची यादी त्या दिवशी द्या. अभयारण्याच्या हद्दीतल्या आणि बाहेरच्या तुकड्यांसाठी स्वयंसेवकांना ओळखपत्रं द्या, म्हणजे सुरक्षारक्षक अडवणार नाही आणि सकाळी सहाला काठावर उभं राहिलेल्या मुलीला कोणी हटकणार नाही. दर तीन महिन्यांनी आम्ही तक्ते देऊ. ते महापालिकेच्या संकेतस्थळावर जसेच्या तसे टाका, आणि त्यातल्या प्रत्येक भरावावर, प्रत्येक फुटलेल्या नाल्यावर काय केलं ते एका ओळीत लिहून कळवा. काही केलं नसेल, तर तेही लिहा.

पहिल्या फेरीसाठी आनंदवल्ली ते सोमेश्वर, तपोवन ते टाकळी, दसक-पंचक, ओढा, चांदोरी-सायखेडा आणि चापडगाव हे तुकडे आम्ही सुचवतो. तुकड्यांचा नकाशा आणि कोरा तक्ता तयार आहे, बैठकीला घेऊन येतो. पत्राची पोच आणि बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपला,
गोदाकाठच्या नोंदकर्त्यांपैकी एक
नाशिक